दसऱ्याला हत्ती कोरडा ठेवत नाहीत

कदमजींनी उभ्या आयुष्यात कुठल्याही वस्तूला पहिल्या फटक्यात बरं म्हटलं नाही. कारखान्याची बस सकाळी इंदूरबाहेर राऊला थांबली की आम्ही सगळे पोह्यांच्या ठेल्याकडे धावायचो. कदमजी मागून सावकाश उतरायचे, पोह्याचा एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून चिरडायचे आणि ठेलेवाल्याला सांगायचे, "आज भाप कम लगी है, भिया. रिजेक्ट." मग तेच पोहे वरून जिरावन मसाला आणि मूठभर शेव मागून घेऊन चाटूनपुसून खायचे.

"रिजेक्ट केलेला माल तुम्हीच खाता?" मी एकदा विचारलं.

"मग काय लोकांच्या पोरांना खाऊ घालू?" ते म्हणाले आणि कागद चुरगळून डब्यात टाकला.

राऊच्या थोडं पुढे आमचा खेळण्यांचा कारखाना. पोरं एकमेकांत दाबून घरं, मोटारी, किल्ले करतात ते प्लास्टिकचे ठोकळे आम्ही करायचो. भगवंतराव कदम, बीएस्सी, राहणार छत्रीबाग, हे तिथले क्वालिटीचे प्रमुख. मशीनवरची माणसं त्यांना कदम भिया म्हणत, ऑफिसातली कदमजी. आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाईसाहब म्हणायचो, तेही कदमजीच म्हणत. मी राजेंद्र नगरला बसमध्ये चढायचे तेव्हा ते आधीच खिडकीशी बसलेले असायचे आणि त्यांचा एक हात खिशात असायचा. खिशातून टक, टक असा आवाज यायचा. नवीन माणूस दचकायचा. आम्हाला सवय होती.

त्या टकवर त्यांचा सगळा संसार उभा होता. दोन ठोकळे कानाजवळ धरायचे आणि अंगठ्याने एकमेकांत दाबायचे. आवाज कोरडा आला तर माल कडक, आवाजच आला नाही तर माल ढिला. यंत्रं होती की कारखान्यात, मोजमापाची, दाबाची, सगळी. कदमजी तीही वापरायचे, पण आधी कान आणि मग यंत्र. इतकी वर्षं दाबून दाबून त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर ठोकळ्यांच्या गोल बटणांचे वळ कायमचे उमटले होते. कुसुमकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा वैतागून मला म्हणाल्या, "झोपेत पण दाबतात गं. माझा दंड काय ब्लॉक आहे का?"

"पकड कशी पाहिजे," कदमजी नव्या माणसाला शिकवायचे, "पोराने काढली तर निघाली पाहिजे. पोराने आपटली तर नाही निघाली पाहिजे. बस, एवढंच क्वालिटी आहे. बाकी सगळं इंग्लिश आहे."

हे वाचून कोणाला वाटेल की फार गोड माणूस असणार. मुळीच नव्हता. ऐन राखीच्या आदल्या दिवशी, बायका घरी जायला निघालेल्या असताना, एका खोक्यात एक पिवळा ठोकळा कमी भरला म्हणून पॅकिंगच्या सगळ्या बायकांना त्यांनी परत बसवलं होतं आणि सगळी खोकी उघडायला लावली होती. त्या दिवशी त्यांच्या नावाने जेवढी बोटं मोडली गेली तेवढी क्वचितच कोणाच्या नावाने मोडली जात असतील. मलाही त्यांनी कमी छळलं नाही. डब्यात घालायच्या पत्रकातली चित्रं मी काढते. आधी हा ठोकळा, मग हा, मग असा फिरवा, आणि शेवटी मोटार तयार, या पद्धतीची. माझं चित्र बघून भर मीटिंगमध्ये कदमजी म्हणाले होते, "मनीषाताई, ही गाडी आहे की भिजलेला उंदीर?"

चित्र तपासायची त्यांची स्वतःची पद्धत होती. माझं प्रत्येक पत्रक ते घरी न्यायचे, ठोकळ्यांसकट काकूंपुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "बनव." स्वतः समोर गप्प बसायचे. काकूंनी एकही प्रश्न न विचारता वस्तू उभी केली तर चित्र पास. काकू बिचाऱ्या कधी विचारायच्या, "हे उलटं धरायचं का?" तर कधी, "ही रेघ काय आहे?" झालं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये पत्रक माझ्या मांडीवर. "हिने विचारलं. रिजेक्ट." काढा पुन्हा. माझं एकही चित्र पहिल्या खेपेला काकूंच्या हातून सुटलं नाही. मी चिडायचे, रडायचेही. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या खेपेचं चित्र नेहमीच पहिल्यापेक्षा बरं यायचं.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्या कारखान्याला तोंडपाठ होता. नमुन्याला हात लागला की नमुना बाद. तपासणीसाठी बाजूला काढलेल्या ठोकळ्यांचा एक ट्रे त्यांच्या टेबलावर असायचा. त्याला ज्याने हात लावायचा त्यानेच लावायचा, बाकी कोणी नाही. एकदा भाईसाहब दिल्लीचे पाहुणे घेऊन कारखाना दाखवायला आले. मोठा माल घेणारे पाहुणे, म्हणून भाईसाहब भलतेच खुशीत. बोलता बोलता त्यांनी त्या ट्रेतला एक ठोकळा उचलला, रुमालाने पुसला, पाहुण्यांना दाखवला आणि परत ट्रेमध्ये ठेवला. कदमजींनी चष्मा वर केला, पाहुण्यांदेखत ट्रे उचलला आणि सगळाच्या सगळा भंगाराच्या पिंपात ओतला.

"अरे, क्या हुआ?" भाईसाहब म्हणाले.

"हाथ लग गया, भाईसाहब. नमूना बाद."

"मैं मालिक हूँ, कदमजी."

"हौ. आपका भी हाथ ही है ना."

पाहुणे हसले, त्यामुळे भाईसाहबांनाही हसावं लागलं. वर त्यांनी कदमजींच्या पाठीवर थाप मारून पाहुण्यांना सांगितलं, "ऐसे आदमी हैं हमारे पास." पण भाईसाहब काही विसरणारा माणूस नव्हे. हसून सोडलेली गोष्ट ते फार जपून ठेवतात.

कदमजींचं दुसरं वेड म्हणजे घराणं. पणजोबा संस्थानच्या हत्तीखान्याचे दरोगा होते. हे त्यांनी सांगितलं नाही असा माणूस कारखान्यात नव्हता. चहाच्या टपरीवर नवीन ड्रायव्हर भेटला तरी दोन घोटांत हत्तीखाना, त्यांच्या भाषेत फीलखाना, यायचाच. "आम्ही फीलखान्याचे कदम. बाकीचे कदम वेगळे." छत्रीबागेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत ना पणजोबांचा फोटो होता, ना कुठली सनद. एक लोखंडी अंकुश तेवढा होता, दिवाणाच्या वर खिळ्याला टांगलेला. दर दसऱ्याला तो उतरवायचा, तिळाच्या तेलाने पुसायचा, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी तलवारी निघायच्या, यांच्या घरी अंकुश. दसऱ्याच्या स्वारीसाठी हत्ती कसे सजवत ते कदमजी असं सांगायचे की जणू स्वतःच पाहून आलेत. आधी कपाळाला आणि कानांना तेल, मग रंग, मग झूल. "कोरड्या हत्तीवर रंग बसत नाही," ते म्हणायचे. ऐकून ऐकून आम्हाला कंटाळा आला होता. तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही याचं आता वाईट वाटतं.

मग मरून रंगाचा लॉट आला.

आमच्याकडे ठोकळे नव्या दाण्याचे होत. दाणा म्हणजे कच्चं प्लास्टिक, साबुदाण्यासारखं दिसतं. त्या वर्षी नव्या दाण्यात दळलेला चुरा मिसळायला सुरुवात झाली. जुन्या कुलरांची अंगं, टीव्हीच्या पाठी, फुटक्या बादल्या, काय वाट्टेल ते त्यात दळलेलं असायचं. पांढऱ्या-पिवळ्यात हे दिसलं असतं. गडद रंगात सगळं लपतं, म्हणून मरून. कदमजींनी पहिला ठोकळा कानाशी धरून दाबला आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"हा आवाज नाही, खोकला आहे," ते म्हणाले.

त्यांनी बरेच जोड दाबून खिडकीत ठेवून दिले. आठवड्याभरात त्यांतल्या कित्येकांच्या कोपऱ्यांना केसासारखे तडे गेले. तडा गेलेला कोपरा नखाने ओढला की कड सुटायची, आणि ती कड ब्लेडसारखी. त्यांनी माझ्या समोर ती स्वतःच्या तळहातावर ओढून दाखवली. रक्ताची बारीक रेघ उमटली. "हे तीन-चार वर्षांच्या पोराच्या तोंडात जाणार," ते म्हणाले. लॉटवर त्यांनी लाल पट्टी लावली. लाल पट्टी म्हणजे माल जागचा हलणार नाही. दिवाळी तोंडावर आलेली आणि गोदाम मरूनने भरलेलं.

भाईसाहब जेवणाच्या सुट्टीत थेट कँटीनमध्येच आले. आम्ही सगळे डबे उघडून बसलेलो. कदमजींनी खिडकीतले ठोकळे त्यांच्यापुढे टेबलावर ठेवले.

"खिड़की की धूप में तो आदमी फट जाए, कदमजी," भाईसाहब म्हणाले. "और आप तो पोहे भी रिजेक्ट करते हो."

सगळे हसले. मीही हसले. कदमजी मात्र हसले नाहीत. प्रत्येक गोष्टीला नाक मुरडणाऱ्याचं खरं नाही म्हणणं कोणी मनावर घेत नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

"ये पोहा नहीं है भाईसाहब. बच्चे का हाथ कटेगा."

"ठीक है." भाईसाहबांनी इकडेतिकडे बघून घेतलं, सगळे ऐकतायत ना ते. "मेले के लिए हाथी बनवा रहे हैं ना? इसी लॉट का बनवाओ. लालबाग का मेला खतम होने तक हाथी खड़ा रहा, तो आप अपने हाथ से लॉट पास करोगे. टूट गया, तो पूरा लॉट मैं खुद ग्राइंडर में डालूँगा. सबके सामने."

"सबके सामने," कदमजी म्हणाले. मग बोट वर करून म्हणाले, "पण मग तो हत्ती नमुना झाला. कोणी हात नाही लावणार."

"कोई नहीं लगाएगा."

दिवाळीआधी इंदूरच्या लालबाग मैदानावर मेळा भरणार होता आणि त्यात आमच्या कंपनीचा स्टॉल होता. स्टॉलपुढे उभा करायला ठोकळ्यांचा मोठा हत्ती करायचं आधीच ठरलं होतं. आराखडा माझाच होता. आता तो मरून रंगात होणार एवढंच बदललं. गेटजवळच्या शेडमध्ये पॅकिंगच्या बायका तो रचायला लागल्या. कदमजी पहिल्या दिवशी येऊन कुत्सितपणे बघून गेले. "मरून हत्ती! उद्या हिरवा घोडा काढा." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कान लहान आहेत. बकरी करताय का?" तिसऱ्या दिवशी ते स्वतः स्टूलवर चढून बायकांना गंडस्थळाचा उंचवटा कसा असतो ते सांगत होते. सोंडेचं वळण त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा बदलून घेतलं. हत्ती माणसाच्या खांद्याइतका उंच झाला, आणि खरं सांगते, फार देखणा झाला. कदमजींनी त्याच्याभोवती दोरी बांधली आणि स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: हात लावू नये.

हत्ती फुटावा अशी त्यांची इच्छा होती. फुटला तरच लॉट दळला जाणार होता. पण सकाळी बसमधून उतरलं की आधी शेडकडे जायचे आणि दोरीबाहेर उभं राहून त्याच्याकडे बघत राहायचे. त्यांच्या घराण्यात पणजोबांनंतर कोणाच्या ताब्यात हत्ती आला नव्हता. तो आता यांच्या ताब्यात आला होता, आणि तोही फुटण्यासाठी. मी एकदा विचारलं, "कदमजी, काय वाटतं? टिकेल का?" ते दोरीची गाठ घट्ट करत राहिले.

दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा असते. सगळीकडे झेंडूची तोरणं, मशीनवर स्वस्तिकं, पेढ्यांची खोकी. भाईसाहब सहकुटुंब येतात. त्या वर्षी कुसुमकाकूही पूजेचं ताट घेऊन आल्या आणि कदमजींनी फडक्यात गुंडाळून अंकुश आणला. तो त्यांनी दोरी ओलांडून हत्तीच्या पायाशी ठेवला, हळदकुंकू वाहिलं. ताटात तेलाची पितळी वाटी होती, सकाळी अंकुश पुसून उरलेलं तीळतेल. कदमजी वाकले, ओंजळीत तेल घेतलं आणि दोन्ही हातांनी हत्तीच्या कपाळाला लावलं. मग कानांना. मग सोंडेवरून हात खालपर्यंत नेला.

"काय करून राहिले?" काकू म्हणाल्या. "कपडे खराब होतील ना."

"दसऱ्याला हत्ती कोरडा ठेवत नाहीत," कदमजी म्हणाले.

मरून रंग असा काही उजळला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइल निघाले. भाईसाहबांनी हत्तीला टिळा लावला, कदमजींच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि म्हणाले, "और लगाओ, और लगाओ, क्या चमक आई है." कदमजींनी वाटीतलं उरलेलं तेलही लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

थिनर, पेट्रोल, डिझेल प्लास्टिकला चालत नाहीत हे कदमजींना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. तसा फलकच त्यांनी भिंतीवर लावला होता. पण तीळतेल ही त्यांच्या लेखी रसायनांतली गोष्टच नव्हती. ते देवघरातलं, अंकुशाचं, हत्तीखान्याचं. तेही प्लास्टिकला तडे पाडेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. आणि हत्ती हा नमुना आहे, हे त्या घटकेला हत्ती बघताना ते साफ विसरले होते. भाईसाहबांना तेव्हा काही कळलं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

मेळ्यात पहिले काही दिवस हत्ती झोकात उभा होता. पोरं दोरीला लोंबकळायची, आईबाप फोटो काढायचे. मग एका दुपारी स्टॉलवरून फोन आला. आम्ही लालबागला पोचलो तेव्हा सोंड खाली पडलेली होती आणि एक कान लटकत होता. कपाळावर तड्यांचं जाळं झालं होतं. भाईसाहब आधीच येऊन उभे होते, कमरेवर हात ठेवून.

कदमजींचा चेहरा उजळला. "टूटा!" ते म्हणाले. पोरासारखे म्हणाले.

भाईसाहबांनी इकडेतिकडे पाहिलं. स्टॉलवरची, शेजारच्या स्टॉलवरची, सगळी माणसं जमली होती. मग त्यांनी हात जोडले. "मान गए, कदमजी. ज़बान दी थी. लॉट ग्राइंडर में."

एवढ्यावर थांबलं असतं तर! कदमजी सवयीने पुढे झाले आणि तडा तपासायला त्यांनी कपाळावर अंगठा ठेवला. अंगठा सरकला. त्यांनी तो नाकाशी नेला. मी त्यांच्या शेजारीच होते. चेहऱ्यावरचा उजेड कसा जातो ते मी त्या दिवशी पाहिलं. तडे कपाळावरून कानांकडे आणि सोंडेवरून खाली गेले होते, त्यांचे हात जिथे जिथे फिरले होते तिथे तिथे.

"तेल," ते पुटपुटले.

"गप्प बसा," मी म्हणाले. खरंच म्हणाले, त्यांची बाही धरून. "कदमजी, मागच्या पायालाही तडा आहे, बघा ना. तिथे कुठे तेल होतं? माल खराबच आहे. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. गप्प बसा."

"ओघळलं नसेल कशावरून?" ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातातून बाही सोडवून घेतली आणि भाईसाहबांकडे वळले. "भाईसाहब, तेलाने पण फुटला असेल. मैंने लगाया था. दशहरे को."

भाईसाहबांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. त्यांनी हत्तीकडे पाहिलं, कदमजींकडे पाहिलं, आणि किंचित हसले. दिल्लीच्या पाहुण्यांदेखत हसले होते तसेच.

"मतलब हाथ लग गया," ते म्हणाले. "तो नमूना..?"

कदमजींनी मान खाली घातली नाही. सरळ बघत म्हणाले, "बाद."

मला त्या क्षणी त्यांच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. वडिलांच्या वयाच्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण वाटली. एका शब्दासाठी गोदामभर माल सुटला. त्यांच्या खरेपणाचा मला अभिमान वगैरे काही वाटला नाही, नुसता संताप आला. तो अजून गेलेला नाही.

लॉट दिवाळीआधी बाजारात गेला. पास कदमजींनी केला नाही. दुसऱ्या कोणी तरी सही केली, कारखान्यात सही करणाऱ्यांना काय तोटा. भाईसाहबांनी कदमजींना एका शब्दाने दुखावलं नाही. त्यांनी फक्त कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर, हसत हसत एक वाक्य टाकलं. "कदमजी पुराने खिलाड़ी हैं. शर्त जीतने के लिए हाथी को तेल पिला के मार दिया, फिर पकड़े जाने से पहले खुद ही रो दिए."

आरोप केला असता तर उत्तर देता आलं असतं. ही थट्टा होती, आणि थट्टेला उत्तर देणारा आणखीच हास्यास्पद होतो. आठवड्याभरात सगळ्या कारखान्याने ती उचलली. ज्यांना राखीच्या आदल्या दिवशी खोकी उघडायला लावली होती त्यांनी तर अगदी आवडीने. "कदम भिया, आज कौन सा तेल?" पोह्यांच्या ठेल्यावरही कोणी तरी सांगितलं असावं, कारण ठेलेवाला एकदा म्हणाला, "भिया, आज तेल कम डाला है, डरो मत." कदमजींनी त्या दिवशी पोह्याचा दाणा चिरडून पाहिला नाही. मुकाट्याने खाल्ले. एका सकाळी मी बसमध्ये चढले तर खिडकीची जागा रिकामी होती. ड्रायव्हर म्हणाला, छत्रीबागेत हॉर्न वाजवला, कोणी उतरलं नाही. नंतर तो तिथे हॉर्न वाजवेनासा झाला.

दिवाळी झाल्यावर तक्रारी यायला लागल्या. ठोकळे कोपऱ्यात फुटतात, कड लागते, पोराच्या बोटातून रक्त आलं. या घरांत काही हत्ती नव्हते आणि कोणी दसऱ्याला तेल लावलं नव्हतं. पण कंपनीकडे आता तयार उत्तर होतं. फोन घेणाऱ्या मुली विचारायच्या, "तेल तो नहीं लगा था? बच्चे के हाथ में नमकीन-वमकीन?" समोरचा माणूस गडबडायचा. इंदूरमध्ये कोरड्या हाताचं पोर दाखवा मला! सकाळी पोहे, दुपारी कचोरी, संध्याकाळी शेव. कोणाच्या हाताला तेल नसेल? कदमजींची एक चूक कंपनीने अशी कामाला लावली की पुढे कुठल्याच तक्रारीची दाद घ्यायला नको. पुढच्या छपाईत प्रत्येक पत्रकावर एक चिन्ह टाकायचं ठरलं: तेलाचा थेंब आणि त्यावर फुली. ते काम माझ्या टेबलावर आलं आणि मी ते केलं.

पुढच्या दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मी छत्रीबागेत गेले. कदमजी दिवाणावर बसले होते. थकले होते, पण दाढी केलेली, शर्ट कडक इस्त्रीचा. मी सोनं दिलं, पाया पडले. त्यांच्या डोक्यावर अंकुश होता, खिळ्याला, जिथल्या तिथे. हळदकुंकू नाही, फूल नाही. टोकाला तांबूस गंज चढला होता.

"पूजा नाही केली?" मी विचारलं.

"आम्ही कुठले फीलखान्याचे," ते म्हणाले.

काकूंनी करंज्यांची बशी आणून ठेवली. कदमजींनी एक खाल्ली, मग उठून मोरीत गेले, साबण लावून हात धुतले, टॉवेलने अंगठा बराच वेळ पुसला आणि मग उशीमागून आमच्याच कंपनीचा एक डबा काढला. दुकानातून विकत आणलेला. त्यातलं पत्रक त्यांनी उलगडून मांडीवर ठेवलं. थेंब आणि फुली वरच्याच कोपऱ्यात होती. मला कुठे बघावं कळेना.

"हे तुम्हीच काढलंय ना, मनीषाताई?"

"हो."

त्यांनी वळ उमटलेला अंगठा त्या चित्रावर ठेवला आणि जरासा दाबला.

"हिला दाखवलं," ते म्हणाले. "एकही प्रश्न नाही विचारला हिने. पास."